बसून केलेलं कथक

दोन लेकरं शाळेत जायला लागल्यावर माझी वहिनी एम.ए. करायला पुण्याला गेली. नाटक, संगीत, नृत्याचे कार्यक्रम कसे उभे करायचे, त्यांच्या संस्था कशा चालवायच्या, असा तिचा विषय. मलकापुरात आमचं बी-बियाण्याचं दुकान. घरात असलं शिक्षण कोणी ऐकलेलं नव्हतं.

"काऊन वं, आता नाचशील का तू?" आईनं विचारलं.

"नाही वो आत्याबाई. मले नाचा नाही लागत, नाचणारीची सोय पाहा लागते."

"लग्नात पाहुण्याइची सोय आपण पाहतोच. त्याच्यासाठी पुण्याले काऊन जा लागते?"

वहिनी हसली आणि गेली. लेकरं आई आणि मी सांभाळली. सुट्टीत आली की ती मला गावातल्या सभागृहात घेऊन जायची, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवायची आणि स्वतः रंगमंचावरून हळू बोलायची. "ऐकू आलं का? मी पूर्ण दिसून राह्यली का?" तिच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सगळ्या वर्गाला नाट्यगृहातल्या सर्वांत वाईट जागी बसवलं होतं म्हणे.

शेवटच्या वर्षी प्रत्येकानं एक कार्यक्रम स्वतः उभा करायचा होता. वर्गातल्या बाकीच्यांनी मोठी शहरं निवडली, वहिनीनं मलकापूर. पुण्याच्या एका ज्येष्ठ कथक नर्तिकेनं यायचं कबूल केलं. वहिनीनं रंगमंचाच्या लाकडी फळ्यांवर अनवाणी पाय आपटून पाहिले, फोटो काढून त्यांना पाठवले आणि पुण्याला परतली. तिकिटं विकायचं काम माझ्याकडे आलं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी बाई गाडीनं आल्या. त्यांना घेऊन आम्ही सभागृहात गेलो. पडदा सरकला आणि वहिनी जागच्या जागी थांबली. फळ्या गेल्या होत्या. त्यांच्या जागी चकचकीत फरशी होती.

सभागृहाच्या समितीचे अध्यक्ष, आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो, हार घेऊन उभेच होते. "ताई, खास तुमच्यासाठी टाकली. त्या लाकडाचा लय आवाज येत होता."

बाईंनी वाकून फरशीवर तळहात ठेवला. "माझे गुडघे आता पहिल्यासारखे नाहीत," त्या म्हणाल्या. "यावर मी नाचले तर उद्या चालता येणार नाही."

"सतरंजी टाकतो ना," काका म्हणाले. "दोन टाकतो."

भाऊ वहिनीला बाजूला घेऊन म्हणाला, "लोकं निघाले असतील घरून. थोडंसं नाचा म्हणा त्याइले. नाही म्हणू नको आता."

"सतरंजीच्या खाली फरशीच राहीन ना," वहिनी म्हणाली. मग ती बाईंकडे वळली. "चूक माझी आहे. मी पुन्हा येऊन पाहायला हवं होतं. तुम्ही नाचू नका. लोकांशी मी बोलते."

"काय सांगाल त्यांना?"

"झालं तेच."

संध्याकाळी सभागृह भरलं. बुलढाण्याहून कॉलेजच्या मुली बसनं आल्या होत्या. वहिनी पडद्यापुढे उभी राहिली.

"पाहुण्या बाई आल्यात, पण आज नाच होणार नाही," ती म्हणाली. "आपल्या लोकाइनं प्रेमानं नवी फरशी टाकली. पण कथकमधी पाय जोरानं आपटा लागतात, अन् कडक फरशीवर गुडघे जातात. हे मी आधी पाहाले पाहिजे होतं. ज्याले पैसे वापस पाहिजेत, त्याले दारातच भेटतील."

मागून कोणीतरी ओरडलं, "मग आम्ही कशाले आलो?"

तेवढ्यात पडदा हलला आणि बाई स्वतः बाहेर आल्या, पायात घुंगरू न बांधता. "बसून करते," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे तशीही रीत आहे."

गादी आली, तबला-पेटी लागली. दाराशी वाट पाहणाऱ्या बाईची एकच ओळ त्या पुन्हा पुन्हा गात राहिल्या आणि दर वेळी ती बाई वेगळी होत गेली. कधी रुसलेली, कधी नटलेली, कधी नुसतीच दमलेली. हात, मान आणि डोळे, एवढंच. काही पुरुष उठून गेले. बाकी सगळे बसून राहिले. आईनं माझं मनगट धरून ठेवलं होतं. "माह्याकडंच पाहून राह्यली वं ते," ती कुजबुजली.

काका शेवटपर्यंत बसले होते. नंतर वहिनीपाशी येऊन म्हणाले, "मले काय माहीत होतं पोरी? फळ्या मागं गोदामात आहेत. उद्या मिस्त्रीले बोलावतो." भावानं बाईंचं सामान उचलून गाडीत ठेवलं.

बाई आमच्याकडेच जेवल्या. ताटावरून उठताना वहिनीला म्हणाल्या, "मला आजवर पुष्कळांनी सतरंजीवर नाचवलंय. तुमचा अभ्यास संपला की माझ्याकडे कामाला या."

परीक्षकांपुढे वहिनीनं सगळं जसं घडलं तसं मांडलं. ती पास झाली. आता बाईंचे दौरे तीच पाहते, बरेचदा आमच्या स्वयंपाकघरात उभी राहून. परवा फोनवर एका आयोजकाला ती सांगत होती, तबलजींना गाडीतून उतरल्यावर दोन तास पडायला खोली लागेल. पलीकडचा माणूस चिडून बोलत असावा. तिनं त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि तेच वाक्य त्याच सुरात पुन्हा म्हटलं. गॅसवर भाजी लागत होती, ती मी उतरवली.