सेलियाबाईंचा उभा फेब्रुवारी

आल्माग्रो भागातल्या त्या गल्लीत मनाच्या डॉक्टरकडे न जाणारा एकच माणूस उरला होता, अन्सेल्मो रोक्का खाटीक. ब्युनॉस आयर्समध्ये हे म्हणजे अंघोळ न करता लग्नाला जाण्यासारखं. "माझं काय बिघडलंय?" तो सुरीला धार लावत विचारी. काय बिघडलंय ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

दुकानाची रीत अशी, की मटण अन्सेल्मोनं कापायचं आणि पैसे गल्ल्यावर बसलेल्या बायकोनं घ्यायचे. लग्न झाल्यापासून तो ओरडत आला होता, "नोरा, एक किलो बरगड्या!" गेल्या ऑगस्टमध्ये, तिथल्या ऐन थंडीत, नोरा वारली. तो मात्र अजून तसाच ओरडे, मग हात पुसून स्वतःच पलीकडे जाऊन पैसे घेई. खुर्चीवर तिनं विणलेली उशी तशीच होती. गिऱ्हाइकं तोंडातून ब्र काढत नसत.

शेवटी लेकीनं गल्ल्यावर बसायला परस्पर एक बाई नेमली. सेलियाबाई पन्नाशीच्या, ऐसपैस, गुडघ्यांनी बेजार. फेब्रुवारीच्या एका सकाळी त्या आल्या, सगळ्यांकडे बघून हसल्या आणि खुर्चीवर टेकणार, तोच अन्सेल्मो किंचाळला, "उठा! उठा म्हणतो ना!" आणि हातात सुरी, पुढ्यात अर्धवट कापलेली कलेजी, असा हमसून हमसून रडायला लागला.

गिऱ्हाइकांच्या रांगेला एकदम चेव आला.

"झालं. डॉक्टरकडे जायची वेळ आली," मिर्ताबाई म्हणाल्या. अर्धं आयुष्य उपचारांत गेल्यामुळे त्यांचा शब्द अखेरचा.

"झोप उडाली की जायचं असतं," फाबियान मास्तर म्हणाले. "अन्सेल्मो, झोप लागते का?"

"मेल्यासारखी," अन्सेल्मो हुंदका देत म्हणाला.

"मेल्यासारखी! ऐकलंत? ही तर जास्त वाईट खूण!"

"बरं बाबांनो, जातो. पत्ता द्या. आत्ताच जातो."

रांगेचा चेवच उतरला. आत्ता? फेब्रुवारी म्हणजे तिथला भर उन्हाळा; शहरातले झाडून सगळे मनाचे डॉक्टर महिनाभर सुट्टी घेऊन समुद्रावर ऊन खात पडलेले.

"फेब्रुवारीत कुणी कोसळतं का हो?" मिर्ताबाई कळवळल्या. "आम्ही नाही का डिसेंबरातच उरकून घेत?"

"मग मार्चसाठी तुमच्या डॉक्टरचा नंबर द्या."

मिर्ताबाईंनी पर्स छातीशी धरली. "माझा? वा! तुमच्याबद्दल मी तिथं काय काय बोलते, त्याचं काय?"

शेवटी मास्तरांनी मेव्हणी हल्ली जात नाही अशा एका डॉक्टरचा नंबर काढून दिला.

तो महिना गल्लीत कुणाचंच डोकं ठिकाणावर नव्हतं. मास्तर बसच्या थांब्याशी भांडले, मिर्ताबाईंनी नवऱ्याला दोनदा सोडलं. आणि सेलियाबाई रिकाम्या खुर्चीशेजारी उभ्या राहून पैसे घेत होत्या.

"जरा काठावर टेकू का हो?" त्यांनी एकदा विचारलंच.

"मार्चमध्ये बघू," अन्सेल्मो म्हणाला. त्यांचे सुजलेले पाय त्याला दिसत होते. स्वतःची लाज वाटत होती, पण 'बसा' हा शब्द काही केल्या तोंडातून निघेना.

मार्चमधल्या पहिल्या मंगळवारी तो गेला. डॉक्टर उन्हानं भाजलेला, नाकाची सालं निघालेली. "बसा," तो म्हणाला.

अन्सेल्मो उभाच. "ही खुर्ची कुणाची आहे?"

"कुणाचीच नाही. येईल त्याची."

अन्सेल्मोनं बराच वेळ खुर्चीकडे पाहिलं. मग हळूच टेकला, आणि वेळ संपेपर्यंत नोराबद्दल बोलत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुकान भरलेलं. त्यानं बरगड्या तोडल्या, तोंड उघडलं, "नो..." आणि थांबला. हात पुसून पलीकडे गेला. उशी उचलून झटकली, पुन्हा नीट ठेवली.

"सेलियाबाई, एक किलो बरगड्या," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "आणि बसा आता. उभ्या काय राहता?"

सेलियाबाई बसल्या. त्यांनी सोडलेला सुस्कारा रस्त्यापर्यंत ऐकू गेला.

"एकाच भेटीत?" मिर्ताबाईंचं तोंड उतरलं. "अन्सेल्मो, मला देता का त्याचा नंबर?"

अन्सेल्मोनं नाक शिंकरलं. "मुळीच नाही. तो माझा आहे. आणि तुमच्याबद्दल मला तिथं बरंच बोलायचंय."