बिनवासाचं घर

कारखान्यात तिला सगळे 'जीभ' म्हणायचे. "जीभ आली का?" "जिभेला दाखवल्याशिवाय माल हलवू नका." परक्या माणसाच्या कानावर पडलं तर तो दचकायचा, पण तिला त्याची सवय होती, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही होता. पाकिटातलं सूप बनवणारा तो कारखाना. पाकीट फोडा, गरम पाणी ओता, ढवळा, प्या. आणि हिचं काम त्या सुपाची चव घ्यायची. अहो, हसू नका. पहिल्यांदा ऐकल्यावर सगळेच हसतात. "दिवसभर खायचं आणि वर पगार घ्यायचा? आमचाही नंबर लावा की!" असं तिच्या सख्ख्या नणंदेनेसुद्धा ऐकवलं होतं.

एकदा बसून बघा म्हणजे कळेल. लहानशी खोली, भिंती पांढऱ्याफटक आणि दिवा लाल, म्हणजे सुपाचा रंग दिसून मन फसायला नको. खिडकीतून तीन वाट्या आत येणार. दोन अगदी सारख्या आणि एक वेगळी. वेगळी कुठली ते ओळखायचं. मध्ये कोमट पाण्याने चूळ, कोरड्या पावाचा तुकडा, की पुन्हा तीन वाट्या. आज केलेलं सूप महिन्यापूर्वीच्या सुपासारखंच लागलं पाहिजे, तसूभरही फरक चालायचा नाही. फरक म्हणजे खोट. ही खोट तिच्या जिभेवरून कधी निसटली नाही.

अशी जीभ सांभाळायची म्हणजे खायचं काम नाही. सुरुवातीच्या दिवसांत ती सकाळी घरी लसूण परतून कामावर गेली होती. चव-खोलीच्या मोठ्या बाईंनी दारातच तिची ओढणी हुंगली आणि चारचौघींसमोर "आज तू बाहेर बस" म्हणाल्या. झालं. त्या दिवसापासून तिने घरात कांदा-लसणाला कढईचं तोंड दाखवलं नाही. नियम कामावर येण्यापुरता होता, पण हिने तो बारा महिने तेरा काळ लावून घेतला. अत्तर नाही, उदबत्ती नाही, तळण नाही. मग खायचं काय? कारखान्याची पाकिटं. ती स्वस्तात मिळायची, तीन मिनिटांत व्हायची आणि झाकण ठेवलं की वासाचं नाव नाही. शेजारीण जिन्यात म्हणायची, "ही बाई नाकाने कांदे सोलते, म्हणून घरात कांदा लागत नाही." नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, दिवसभर दहा इमारतींच्या मजल्यांवरून वरखाली करायचा. तो म्हणायचा, "डोळे बांधून आणलं ना, तरी आपलं दार मी ओळखेन. जिथे कसलाच वास नाही, ते आपलं." पण समोर येईल ते मुकाट्याने प्यायचा. गरीब बिचारा.

आणि मग तिचे बाबा राहायला आले.

आई गेली. बाबा एका खोलीत एकटे पडले. जन्मभर शाळेची बस चालवलेला माणूस, अंगाने चांगला भरलेला. ती त्यांना घेऊन आली ती मोठ्या हौसेने. "बाबा, इथे तुम्ही काडी इकडची तिकडे करायची नाही. आयुष्यभर राबलात, आता नुसतं बसा." बाबा बसले. ती पाकीट फोडायची, वाटी पुढे ठेवायची. बाबा चार चमचे घ्यायचे, "छान आहे हं" म्हणायचे आणि वाटी हळूच सरकवायचे. गाजराचं सूप दिलं, मक्याचं दिलं, डब्यातला भात गरम करून दिला. सगळं छान होतं, आणि सगळं तसंच उरत होतं. बघता बघता पट्ट्याला नवी भोकं पाडायची वेळ आली. मान शर्टाच्या गळ्यात हलायला लागली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोट तपासलं आणि म्हणाले, "आजार काही नाही. यांना खायला घाला." आता बोला! जिच्या एका शब्दावर हजारो पाकिटं परत जातात, तिच्या घरात बाप उपाशी.

सोमवारी सकाळी बाबांनी विषय काढला. "रविवारी मी माझ्या खोलीवर जातो. तिथे बरं पडेल."

"तिथे कोण करून घालणार तुम्हाला?"

"बघेन माझं मी."

तिला माहीत होतं, ते काही बघणार नाहीत. आईच्या मागे ते तिथे बिस्किटं आणि चहावर राहिले होते. आता गेले तर उन्हाळा काढतील की नाही, याची तिला भीती वाटली. पण बाप हट्टी. त्याला ती किती बांधून ठेवणार?

त्याच संध्याकाळी ती कामावरून आली, बाबांच्या स्वेटरची घडी घालायला गेली, आणि तिचं नाक एकदम ताठ झालं. कांदा. कच्चा नव्हे, तेलात लालसर परतलेला. मागून गाजर. मिरपूड, बेताची. आणि खाली कुठेतरी काथ्या आणि सरस. तिने स्वेटर पुन्हा नाकाला लावला. नवऱ्याने दारातून पाहिलं आणि विचारलं, "काय गं, घरातसुद्धा नोकरी?"

"अहो, बाबा कुठेतरी जेवून येतायत!"

"मग चांगलंच आहे की."

"पण कुठे? आणि काय?" आता तिला चैन पडेना. घरात चमचाभर उतरत नाही आणि बाहेर पोटभर जातं, म्हणजे त्या अन्नात असं आहे तरी काय? राग बाजूलाच राहिला, तिला नुसतं जाणून घ्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी तिने अर्धी रजा टाकली. घरातून निघाली आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापाशी उभी राहिली. बाबा आले, तिच्यासमोरून गेले. पाय कसे भराभरा पडत होते! घरात उठून पाणी घ्यायचा कंटाळा करणारा माणूस हा.

दोन गल्ल्या सोडून जुन्या खुर्च्या-सोफे दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं. गादीवाला पुढे खिळे ठोकत बसायचा, मागच्या बाजूला त्याची बहीण कव्हरं शिवायची आणि दुपारी तिथेच शेगडीवर रांधायची. बाबांच्या मागोमाग येऊन 'जीभ' दारातून आत डोकावली. तिचे बाबा उपड्या खोक्यावर बसून मटार सोलत होते. शेंगा सोलता सोलता बसच्या गोष्टी सांगत होते, आणि गादीवाला तोंडात खिळे धरून हसत होता.

बाबांनी तिला पाहिलं आणि चोरी पकडल्यासारखे गप्प झाले. बहीण मात्र म्हणाली, "मुलगी का तुमची? कालच ओळख झाली यांची. बसा हो, होतच आलंय."

तिला वाडगा मिळाला. कांदा, गाजर, मटार, मसूर, बटाटा, सगळं एकत्र शिजवलेलं. तिची जीभ आपोआप कामाला लागली. गाजराचे तुकडे सगळे वेगळ्या आकाराचे, मीठ सगळीकडे सारखं नाही, तळ जरासा लागलेला. कारखान्यात हे पातेलं जागच्या जागी ओतून दिलं असतं. तिने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. बाबा समोर बसून पावाने वाडगा पुसत होते आणि तिच्याकडे बघत नव्हते.

"कशात काय घालता?" तिने बहिणीला विचारलं.

"असेल ते."

"पण प्रमाण?"

"अहो, बाजारात जे स्वस्त, त्याचं प्रमाण जास्त."

आता याला उत्तर म्हणायचं का? पण 'जीभ' हार मानणाऱ्यातली नव्हती. त्याच संध्याकाळी ती भाजी घेऊन आली. तिचा धंदाच तो: दोन वाट्या घ्यायच्या आणि फरक शोधून काढायचा. मसूर तोलला, गाजर तोललं, कांदा मात्र न परतता उकळला, खिडक्या उघड्या टाकून, पंखा लावून, स्वयंपाकघराचं दार घट्ट बंद करून. बाबा बाहेर टीव्हीपुढे. वाडगा पुढे गेला. चार चमचे. "छान झालंय हं."

बुधवारी तिने मिरपूड बदलली. गुरुवारी मुद्दाम वेडेवाकडे तुकडे केले, मीठ अर्धवट ढवळलं. शुक्रवारी तर कमाल केली. तळ लागल्याची ती बारीक चव हवी म्हणून पातेल्यापाशी नाक घेऊन उभी राहिली आणि बरोब्बर तेवढंच करपवून घेतलं. जगात कुठली बाई ठरवून, मापात करपवते? नवरा म्हणाला, "लोक करपू नये म्हणून उभे राहतात." बाबांनी चमचा तोंडात घातला आणि संकोचून म्हणाले, "जरासं लागलंय का गं? नाही, छान आहे तसं." वाडगा सरकला.

रविवार दोन दिवसांवर आला. तिला रात्रभर झोप लागली नाही. चवीत फरक नाही, हे तिची जीभ शपथेवर सांगत होती. मग फरक आहे तरी कशात?

शनिवारी दुपारी ती पुन्हा गेली, पण आत शिरली नाही. बाहेर ठेवलेल्या मोडक्या सोफ्याआड उभी राहून खिडकीतून बघत राहिली. बाबा गाजरं सोलत होते. बहिणीने तेल तापवलं, कांदा टाकला. चर्र झालं. आणि बाबांचा हात थांबला. त्यांनी मान वळवून पातेल्याकडे पाहिलं, आवंढा गिळला, मग पुन्हा सोलायला लागले. थोड्या वेळाने परत पाहिलं, परत आवंढा गिळला. "अजून किती वेळ?" त्यांनी विचारलं. अजून पानावर काही आलं नव्हतं आणि त्यांचं जेवण कधीच सुरू झालं होतं.

आईच्या स्वयंपाकघरात ते असेच असायचे. आई ओट्याशी, हे खाली सुरी घेऊन, आणि बसमधल्या पोरांच्या कागाळ्या. लहानपणी रोज पाहिलेलं हे तिला आत्ता आठवलं. तिने त्यांच्या हातातलं काम काढून घेतलं होतं, घरातला वास काढून टाकला होता, आणि वर विचारत होती की माणसाला भूक का लागत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तिला तिथेच, त्या सोफ्याआड, रडू फुटलं.

संध्याकाळी तिने बाबांपुढे ताट ठेवलं. त्यात कांदे, गाजरं, बटाटे आणि सुरी.

"बाबा, एवढं सोलून द्या."

बाबांनी ताटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "कांदा परतणार?"

"तुम्ही परतणार."

"वेडी का काय तू! घरभर वास बसेल. तुझ्या केसांत बसेल. तुला दारात उभं करतील परत."

ओढणीची ती गोष्ट तिने फक्त आईला सांगितली होती, फोनवर, रडत.

"तुमच्या लक्षात आहे?"

"तुझी आई आठवडाभर जेवली नव्हती धड. लक्षात नसेल?" बाबा सुरीच्या मुठीवर अंगठा फिरवत राहिले. "मला कांद्याशिवाय जात नाही पोरी, आणि तुला कांदा चालत नाही. म्हणून तर जातोय. तुझ्या जिभेवर घर चालतं. म्हाताऱ्याच्या चोचल्यांपायी ती घालवू का?"

तिचा बाप तिच्या घरात, तिच्यासाठी उपाशी राहत होता. आणि ती वाट्या बदलत बसली होती.

"बाबा," ती म्हणाली, "सोमवारी बाहेर बसवलं तर बसेन. पाकिटं भरायच्या खात्यात जाईन. तुम्हाला भुकेने मरताना मला बघायचं नाही. सोला आता, डोळे पुसायला मी आहे."

"डोळ्यांत पाणी कांद्याने आलंय," बाबा म्हणाले. अजून एकही कांदा चिरला नव्हता.

तेल तापलं. चर्र झालं. वास निघाला तो पडद्यांत शिरला, उशांत शिरला, जिन्यात उतरला. शेजारणीने दार उघडून डोकं बाहेर काढलं. नवरा कामावरून आला, उंबऱ्यावर थबकला, एक पाऊल मागे घेऊन दारावरचा नंबर वाचला आणि मगच आत आला. बाबा शेगडीपाशी उभे होते, ढवळत होते, मध्येच उलथन्याच्या टोकावर घेऊन फुंकर मारत होते. "अगं, पाणी जास्त झालं," ते स्वतःवरच चिडत होते. किती दिवसांनी ती त्यांना चिडलेलं बघत होती!

तिघं जेवायला बसली. बाबांनी चमचा उचलला नाही. तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"बोल. कसं झालंय?"

तिने घास घेतला. मीठ कमी. एक बटाटा कचकचीत. "छान" म्हणायला तिचं तोंड उघडलं होतं, पण तो शब्द या घरात पुरे झाला होता.

"मीठ कमी आहे, बाबा. आणि बटाटा कच्चा राहिलाय."

"मी म्हटलंच होतं!" बाबा खूश होऊन उठले. मीठ आणलं, आपल्या हाताने तिघांच्या वाडग्यात घातलं आणि मग जेवायला लागले. एक वाडगा झाला. दुसरा झाला. पातेल्यातलं राहिलेलं त्यांनी पावाने निपटून घेतलं. नवरा आपला रिकामा वाडगा धरून बघत राहिला.

बाबांनी हात पुसले आणि खुर्ची मागे सरकवली.

"उद्या लाल भोपळा आण," ते म्हणाले. "सकाळीच आण. सोलायला वेळ लागतो त्याला."

उद्या रविवार होता. कोणी कोणाला त्याची आठवण करून दिली नाही.