मी मरायचे, त्या वाचवायच्या

"आधी खोकू दे!"

कुणाला ठसका लागला आणि शेजारच्यानं त्याच्या टाळूवर थापट्या मारत "वर बघ, वर बघ" सुरू केलं, की सिस्टरबाईंचा हात मध्ये यायचा. "टाळूवर काय घंटी वाजवताय? आधी खोकू दे. खोकतोय तोवर हवा चालू आहे. पाणी नको पाजू. आवाज बंद झाला की मला बोलवा. नाही, मला नको. मी येईस्तोवर तो जाईल. तुम्हीच करा."

त्यांना सगळे सिस्टरबाईच म्हणायचे, म्हणून मीही इथे तेच लिहिते. दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर पिपलानी वस्तीच्या पलीकडे दोन खोल्यांचं घर घेऊन एकट्या राहायच्या. मुलगी लग्न होऊन पुण्याला. मी त्यांच्याकडे पोळ्या करायला जायचे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. चार बायकांत बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटते, आजही.

तुमच्याही मोहल्ल्यात अशी एखादी बाई असेल, जी दुसऱ्याच्या घरात शिरून त्याचं भलं करते. सिस्टरबाई कुणाकडेही गेल्या, की मुलांच्या ताटलीतली द्राक्षं उचलून उभी चिरायला बसायच्या. शेंगदाणे दिसले तर सरळ डब्यात परत. "चार वर्षांच्या पोराला शेंगदाणा? क्यों भाई, दुश्मनी है क्या?" मुलं रडायची, आया तोंड वाकडं करायच्या. बाई चिरत राहायच्या.

त्यांनी जुन्या साडीची एक बाहुली शिवली होती. पोटात बाजरी भरलेली, खऱ्या तान्ह्या बाळाएवढी जड. ती पिशवीत घालून त्या महिला मंडळात, देवळात, रेशनच्या रांगेतसुद्धा जायच्या. बाहुली हातावर पालथी घ्यायच्या, डोकं छातीपेक्षा खाली, हनुवटी बोटांत धरलेली. तळव्याच्या टाचेनं दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा. मग उताणी करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच वेळा दाबायचं. निघालं नाही तर पुन्हा पालथी. "वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट दाबायचं नाही. पाय धरून उलटं लटकवायचं नाही. आणि घशात बोट घालून शोधाशोध करायची नाही, आत गेलेलं आणखी आत जातं. दिसलं तरच काढा."

मोठ्या माणसासाठी बाहुली चालत नसे. तिथे मी.

"सुमन, चल, मर लवकर. पोळ्या व्हायच्यात अजून."

मी सगळ्यांसमोर उभी राहायचे, दोन्ही हात गळ्याला लावायचे आणि लाजेनं खरोखरच गुदमरायचे. बाई मला पुढे वाकवायच्या, पाठीवर पाच थापा दाखवायच्या. मग मागून कमरेला विळखा. एक मूठ बेंबीच्या वर, दुसरा हात त्या मुठीवर, आत आणि वर असा झटका. वर्षाच्या वरच्या मुलांनाही असंच, फक्त गुडघ्यावर बसून आणि जोर बेतानं. खरा जोर त्या माझ्यावर कधी लावत नसत. "नुसतं दाखवतेय. खरं दाबलं तर हिच्या फासळ्या मोडतील. आणि माणूस बेशुद्ध पडलं तर खाली निजवा, एकशे आठला फोन लावा आणि छाती दाबायला लागा."

एकदा मंडळाच्या अध्यक्षबाईंना पुढे घेतलं, तर बाईंचे हात पुरेनात. "गरोदर बाई असेल किंवा अशी भरलेली असेल, तर पोट सोडून छाती दाबायची," बाई म्हणाल्या.

"भरलेली कुणाला म्हणता हो?"

"मी बाहुलीबद्दल बोलतेय."

दर वेळी शेवटी त्या मला म्हणायच्या, "आता तू माझ्यावर कर." मी मान हलवायचे. ज्यांच्या घरी आपण पोळ्या करतो त्यांना मागून मिठी कशी मारायची? "नको बाई. मला येतं." मला खरंच सगळं पाठ होतं. पण ते माझ्या पाठीला माहीत होतं, हातांना नाही.

मग मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. दुपारची वेळ होती. मी कोपऱ्यातल्या टेबलाशी ताटल्या भरत होते. बाई माझ्याजवळ उभ्या राहून तिळाचा लाडू खात कुणालातरी हसत काही सांगत होत्या. पाक जास्त झाला होता, लाडू दगडासारखे झाले होते. मीच केले होते.

बोलता बोलता त्या थांबल्या. दोन्ही हात गळ्याशी गेले.

"घ्या! सिस्टरबाईंचा क्लास सुरू!" कुणीतरी ओरडलं. सगळ्या हसल्या. "अहो, आज तरी सुट्टी द्या!"

"सुमन, तुझी नोकरी गेली गं! आज बाई स्वतःच मरताहेत!"

पुन्हा हसू. मग त्या आपापल्या गप्पांकडे वळल्या, वाणाच्या डब्या उघडून बघू लागल्या.

त्या हॉलमध्ये मला एकटीला कळलं होतं. बाई मरण्याचं सोंग कधी करत नसत, ते काम माझं होतं. त्या खोकत नव्हत्या. आवाज नव्हता. त्या माझ्याकडे बघत होत्या. चार पावलांचं अंतर.

मी ताटली धरून उभी राहिले. खरं तेच लिहिते. मनात आलं, गंमत असली तर? सगळ्यांसमोर मी यांना धरलं आणि सगळ्या हसल्या तर? कुणी दुसरी येईल. बाईंचे ओठ निळसर व्हायला लागले आणि मी लोकांच्या हसण्याचा विचार करत होते.

बाईंनी माझ्यावरची नजर काढली. भिंतीशी एक जुनी लाकडी खुर्ची होती. तिची पाठ दोन्ही हातांनी धरून त्यांनी आपलं पोट तिच्या काठावर आपटलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा लाडवाचा तुकडा बाहेर उडाला आणि श्वास आत गेल्याचा घरघर आवाज आला. त्यांचे पाय लटपटले. तेव्हा माझी ताटली खाली पडली, तेव्हा मी धावले आणि त्या पडू नयेत म्हणून मागून कमरेला विळखा घातला.

ताटलीच्या आवाजानं सगळ्या वळल्या. त्यांना दिसलं ते एवढंच, की माझे हात बाईंच्या पोटावर आणि लाडवाचा तुकडा फरशीवर.

"अगं बाई! खरंच अडकलं होतं! सुमननं वाचवलं!"

अध्यक्षबाईंनी बाईंना खुर्चीत बसवलं. "सुमननं केलं ना हो?"

बाईंना बोलता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. हो.

दुसऱ्या दिवशी मी कणीक मळता मळता रडत होते. "बाई, तुम्ही हो का म्हणालात?"

"मग काय सांगू? सुमन नुसती बघत उभी राहिली म्हणून सांगू? तुला जन्मभर नावं ठेवली असती त्यांनी." बोलताना त्या बरगडीवर हात दाबून धरत होत्या. पोट असं दाबलं गेलं की आत काही दुखावलं का ते डॉक्टरांकडून बघून घ्यायचं असतं, म्हणून सकाळीच एकट्या रिक्षानं जाऊन आल्या होत्या. "आणि पोळ्या करणारी करू शकते म्हटल्यावर बघ, आता सगळ्या शिकायला येतील."

तसंच झालं. पुढच्या क्लासला बसायला जागा उरली नाही. मंडळानं माझा शाल-नारळ देऊन सत्कार केला. मी शाल घेतली. बाई पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होत्या.

त्यानंतर दर सोमवारी त्या ओट्यापुढे पाठमोऱ्या उभ्या राहायच्या. "चल. हात घाल." मी घालायचे. त्या किती बारीक होत्या ते मला तेव्हा कळलं. "मूठ वर. अजून वर. हां. आता माझ्याऐवजी कुणी असेल तर दाब." एकदा मी म्हटलं, "बाई, मी खरं सांगून टाकते सगळ्यांना." त्या म्हणाल्या, "सांग की. मी अडवलंय?" मी सांगितलं नाही.

पुढे दोन वर्षांनी बाई झोपेतच गेल्या. हृदय थांबलं. मुलगी आली होती, कडेवर वर्षाची लेक घेऊन. तेराव्याच्या स्वयंपाकाला मीच होते. सगळे गेल्यावर ती स्वयंपाकघरात आली.

"सुमनमावशी, आई दर फोनवर तुमचं नाव घ्यायची. तुम्ही त्या दिवशी नसतात तर हिला आजी दिसलीच नसती. दोन वर्षं जास्त दिलीत तुम्ही आम्हाला."

मी म्हटलं, "ताई, ऐका..." एवढं बोलले. पुढचं वाक्य तयार होतं, दोन वर्षं रोज घोकलेलं.

तिनं लेकीला खाली ठेवलं आणि माझ्या पायांवर डोकं टेकलं. मी पाय मागे घेतले नाहीत.