उजव्या कानाकडून

"ऐकतुयास न्हवं?" असं विचारत मालक समोरच्याच्या दंडाला बोटानं टोचायचे. दर दोन वाक्यांनी. कंपन्यांजवळच्या माण गावात खोली घेऊन राहिला असाल तर असा घरमालक तुम्हालाही भेटला असेल. आमच्या दंडांवर फक्त वळ उठायचे बाकी होते.

आम्ही सगळे बाहेरगावचे, कामावरून दमून येणारे, कानात इयरफोन. जिन्यात मालक दिसले की मान हलवायची आणि सटकायचं. त्यांचं शेत कंपन्यांखाली गेलेलं, बायको वारलेली. "इतकी बिऱ्हाडं हायेत, पन हाकंला ओ द्यायला कोन न्हाई," म्हणायचे.

माझं काम यंत्रमानवाला ऐकायला शिकवण्याचं. कोण कुठून बोललं ते ओळखून त्यानं तिकडे मान वळवायची आणि उत्तर द्यायचं. कंपनीच्या शांत खोलीत स्वारी हुशार. खऱ्या घरात कुकर, कुत्री, शेजारचा मिक्सर सुरू झाला की भिंतीशी गप्पा मारायची. म्हणून त्याला काही दिवस माझ्या खोलीवर आणला, आणि मालक बघायला वर आले.

आले ते थेट त्याच्या उजव्या बाजूला गेले आणि डोक्याशी वाकून मोठ्यानं बोलू लागले. त्यानं मान वळवली. मालक पुन्हा त्याच्या उजवीकडे सरकले. त्यानं पुन्हा वळवली. दोघांची अशी प्रदक्षिणा सुरू झाली आणि मी हसून हसून खाटेवर बसलो.

"मालक, समोरच थांबा. त्याला चारी बाजूंनी ऐकू येतं."

"आसं व्हय? आमच्या हिला उजव्याच कानानं यायचं," ते म्हणाले. "सवय लागलीया."

मग हसायचं मला सुचलं नाही.

पुढे ते रोज संध्याकाळी यायचे. भाताची खाचरं कुठं होती, लावणीला कोण कोण यायचं, सगळं त्याला सांगायचे. त्यांना विचारून मी ते त्याच्याच कानांतून रेकॉर्ड करायचो. 'ऐकतुयास न्हवं?' हे त्याला मी मुद्दाम शिकवलं. तो त्यांच्याकडे वळून म्हणायचा, "हो, ऐकतोय."

"ह्यो तरी तोंडाकडं बगतोय," मालक म्हणायचे. आणि बोलता बोलता उजवीकडे सरकायचेच.

त्याला परत न्यायच्या दिवशी मालक दारात उभे राहिले. "ऱ्हाऊ दे की चार दिस. खातोय काय त्यो?" पण कंपनीला कोण सांगणार? त्यानंतर जिन्यात ते दिसले की मी इयरफोन काढून थांबायचो. तेही फार दिवस चाललं नाही. एका सकाळी ते उठलेच नाहीत.

परवा चाचणीसाठी ती रेकॉर्डिंग्ज थेट यंत्रमानवाच्या कानांत सोडली. आवाज कुठल्या बाजूनं आला होता, तेही त्यात जसंच्या तसं राहतं. खोलीत मी एकटाच होतो, इयरफोनवर तेच ऐकत. रेकॉर्डिंगमध्ये मागे कुकरची शिट्टी झाली, आणि मालक लावणीचं सांगत सांगत उजवीकडे सरकू लागले. यंत्रमानव त्यांच्यामागे हळूहळू मान वळवत राहिला.

"ऐकतुयास न्हवं?"

"हो, ऐकतोय," तो मोकळ्या जागेकडे बघून म्हणाला.

माझा हात आपोआप दंडाकडे गेला.