मास्तरांनी गाळलेली तीन वर्षं

सदाशिवराव मास्तर साठ वर्षांचे झाले, त्यांच्यावर चार ओळी लिहून द्या, असं गौरव अंकाच्या मंडळींनी मला सांगितलं. मी मिलमध्ये सूत गुंडाळणारी बाई. अक्षरं शिकले ती उशिरा, आणि तीही मास्तरांकडूनच. ज्यांना गोड गोड वाचायचंय त्यांनी पुढचा लेख उघडावा.

मास्तरांची पहिली भेट शुक्रवार पेठेत झाली. आमच्या गल्लीतल्या एका ओसरीवर दर रविवारी दुपारी ते मिलच्या बायकांना लिहायला-वाचायला शिकवायचे. मी गेले ती भांडायलाच. म्हटलं, "आठवड्यातनं एक सुटीचा दिस, त्यात बी आमच्या हातात पाटी देता व्हय?"

मास्तर रागावले नाहीत. "पाटी राहू द्या. बसा, गोष्ट ऐका," म्हणाले.

गोष्ट त्यांनीच लिहिलेली होती. वाचायला लागले, "माझ्या परकराला खिसा होता आणि खिशात चिंचोके होते." आम्ही एकमेकींकडे बघितलं. समोर पागोटं घातलेले, पिकल्या मिशांचे मास्तर! दुधनीची इराव्वा ओरडली, "अय्यो मास्तर, परकर कवा नेसत हुता तुमी?" ओसरी हसून हसून लोळली. मास्तरही हसले. मग म्हणाले, "हे मी नाही, बारा वर्षांची पोर बोलतेय. मी बोलायला लागलो तर उपदेश होईल. तिलाच बोलू द्या."

दिलं बोलू. चिंचोके खेळणारी ती पोर आईचं बोट धरून मिलच्या दारात जाते, आणि पुढच्याच ओळीत पंधरा वर्षांची होते. खिशात आता मिलचा बिल्ला. शेजारची लहानगी खेळायला बोलावते, तर ही म्हणते, "मला सवड न्हाय." संपली गोष्ट.

"मास्तर, पान गळालं की तुमचं!" मी म्हटलं. "मदली तीन वर्सं कुटं हायती?"

"ती मी मुद्दाम गाळली. तुम्हाला ठाऊक आहेत."

मीही त्याच वयाची मिलमध्ये शिरले होते. आणि त्याच आठवड्यात, आमच्या खात्यातल्या बायकांवर नजर ठेवणाऱ्या नायकिणीला मी माझ्या लेकीचं, चंद्रीचं नाव कामासाठी दिलं होतं. चंद्री बारा वर्षांची.

"मग शेवटाला सांगा की सरळ, पोरींना मिलमदी घालू नका म्हणून!" मी चिडून बोलले.

"सांगितलं असतं तर तुम्ही मान डोलावून घरी गेला असता," मास्तर म्हणाले.

पुढे त्यांच्या पुष्कळ गोष्टी ऐकल्या. कुठे रडारड नाही, कुणाची कीव नाही. ऐकणाराला जे ठाऊक आहे ते त्याला सांगत बसायचं नाही, एवढं त्यांच्या लिहिण्यातलं मला कळतं. तेवढं पुरे.

मी घरी सांगून टाकलं, चंद्री शाळेतच राहणार. चंद्रीचे वडील मिलमध्ये साचा, म्हणजे माग, चालवायचे. ते तणतणत मास्तरांकडे गेले, त्यांच्या मागोमाग मी. मास्तरांनी वाद घातला नाही. त्यांना बसवून तीच गोष्ट वाचली. आमचे हे स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत ऐकत होते. मग म्हणाले, "समदं खरं हाय. पर पोरीचा बाप कुटं हाय ह्यात?"

दुसरा लेखक असता तर अडाण्याला काय कळतं म्हणून हसला असता. मास्तरांनी कागद खाली ठेवला. "चूक माझी आहे, दादा."

पुढच्या रविवारी ते आमच्या घरी आले आणि गोष्टीत घातलेलं एकच नवं वाक्य त्यांनी वाचलं: 'दारात बाप उभा होता, मी आत गेले तेव्हा तो दुसरीकडे बघत होता.' आमच्या यांनी टोपी घातली आणि तडक जाऊन नायकिणीकडचं चंद्रीचं नाव काढून आले.

पुढे चंद्री एकदा गणितात नापास झाली आणि हे पुन्हा बिथरले. तेव्हा मास्तर अख्खा उन्हाळा रोज सकाळी येऊन तिला शिकवत होते. एकदाही चहा घेतला नाही, याचा मला अजून राग आहे. आज चंद्री लहान मुलींना शिकवते.

मास्तरांना दमा आहे आणि ते पथ्य पाळत नाहीत. हे चालायचं नाही. नायकिणीच्या यादीत अजून बारा-बारा वर्षांच्या पोरी आहेत. त्यांच्या आयांना मी दर रविवारी दंडाला धरून ओसरीवर आणणार आहे. तिथे वाचायला मास्तर धडधाकट, खणखणीत आवाजाचे आणि आणखी चाळीस वर्षं हवेत. देवानं तेवढं बघावं, नाहीतर गाठ माझ्याशी आहे.