काचेआडचा वकील

कापडाच्या कारखान्यात, मागखात्यात तिला सगळे 'मुकी' म्हणायचे, आणि तिच्याइतकं बोलणारं त्या खात्यात दुसरं कोणी नव्हतं. हे कसं, तर जिथे एवढे माग एकदम खडखडतात, तिथे कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी शब्द पोचत नाही. म्हणून तिथल्या बायका आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलतात, आणि समोरची ओठांकडे बघून ऐकते. मुकी पोरवयात तिथे लागली होती. दोन रांगा पलीकडच्या बाईला ती कोणाची सासू रुसली, कोणाच्या नवऱ्याने भाजी करपवली, ते असं रंगवून सांगायची की ती बाई हसताना धागा तुटलेला विसरायची. पण सुटीचा भोंगा झाला आणि फाटकाबाहेर पाऊल पडलं, की मुकीच्या तोंडाला कुलूप. बाहेर तिच्या वतीने बोलायला नवरा होता.

नवरा त्याच कारखान्याच्या गोदामात, कापडाचे तागे लावायचा. त्याचं नाव पडलं होतं 'वकील'. डॉक्टरकडे गेलं की पोट हिचं दुखायचं आणि कसं दुखतं ते हा सांगायचा. दुकानदाराने हिला विचारलं, काय देऊ, की उत्तर हा द्यायचा. घरातला फोन वाजला की हातातला घास टाकून हा उठायचा. लोक म्हणायचे, बायकोला तळहाताच्या फोडासारखं जपतो हो! फोडाला कोणी विचारलं नव्हतं.

खोटं कशाला बोला, सुरुवातीला मुकीलाही ते बरं वाटायचं. परस्पर कामं होतात, आपण निवांत. मग तिची धाकटी बहीण यायची बंद झाली. वकीलच निरोप घेऊन आला: "तू तिला काहीतरी लागेल असं बोललीस म्हणे. या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही म्हणते." मुकीने डोकं खाजवखाजव खाजवलं, पण आपण काय बोललो ते काही आठवेना. "मी समजावतो तिला," वकील म्हणाला. पुढे म्हणाला, "ऐकतच नाही गं. फार हट्टी." मुकी रडली आणि गप्प बसली. यालाही वर्षं लोटली.

अशात कारखान्यात नवं खातं निघालं. नव्या मुलींना माग शिकवायला एक जाणती बाई हवी होती. मुकीला ती जागा हवी होती. लग्न झाल्यापासून स्वतःसाठी काही हवंसं वाटण्याची ही पहिलीच खेप. साहेबांशी काय बोलायचं ते ती आरशासमोर उभी राहून घोकत होती, तेवढ्यात वकील मागे येऊन उभा राहिला.

"तू बोलणार? साहेबांसमोर?" तो हसला. "त त प प होईल तुझं. अगं, बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं. मी आहे ना!"

"पण अहो, मीच गेले तर..."

"मी आहे ना," तो पुन्हा म्हणाला. विषय संपला.

साहेबांची खोली मागखात्यातच, चार पायऱ्या वर, तिन्ही बाजूंनी काचेची. दुसऱ्या दिवशी वकील भांग पाडून, शर्ट खोचून त्या पायऱ्या चढला. मुकीचा माग समोरच. साहेबांची पाठ खात्याकडे होती आणि वकिलाचं तोंड. त्याची सगळी नोकरी गोदामाच्या शांततेत गेलेली. काच बंद म्हणजे बोलणं बंद, एवढंच त्याला ठाऊक.

"तिला नाही झेपणार, साहेब," वकिलाचे ओठ म्हणाले. "चक्कर येते तिला हल्ली. स्वतः सांगायची लाज वाटते, म्हणून तिनेच मला पाठवलं."

मुकीला आधी वाटलं, आपण चुकीचं वाचलं. पण वकील बोलणारा माणूस, एकच गोष्ट तीनदा सांगायची सवय. तीनदा त्याने तिला चक्कर आणली. वर छातीवर हात ठेवून म्हणाला, "माझाही जीव तुटतो हो तिच्यासाठी."

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मुकीला तेव्हा कळलं. ती खरंच मागाला धरून उभी राहिली. शेजारच्या मागावरच्या थोरलीने, खात्यातल्या सगळ्यांत जुन्या बाईने, तिच्याकडे पाहिलं. थोरलीनेही वाचलं होतं. अख्ख्या रांगेने वाचलं होतं.

"तू नव्हतं पाठवलंस?" थोरलीचे ओठ हलले.

मुकीने 'नाही' म्हणून मान हलवली.

"मागच्या बढतीलाही, तू रजेवर असताना, हा असाच आला होता," थोरली म्हणाली. "आम्हाला वाटायचं, तूच पाठवतेस."

वकील पायऱ्या उतरून आला. चेहरा असा पाडलेला की बघणाऱ्याने दोन घोट पाणी द्यावं. बायकोच्या तोंडासमोर येऊन तो ओरडला, "नाही म्हणाले! फार भांडलो गं तुझ्यासाठी!" आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि वर मायेचा हात. मुकीला त्या हाताची शिसारी आली. तिने मागाचा दांडा ओढला, माग थांबवला आणि पायऱ्या चढून वर गेली. मागोमाग वकील धावला.

"साहेब, मला चक्कर येत नाही," ती म्हणाली. आवाज चिरका निघाला, पण निघाला. "कधीच आली नाही. मी कोणाला पाठवलं नव्हतं. ती जागा मला हवी आहे."

साहेब तिच्याकडे, मग वकिलाकडे बघत राहिले. वकिलाने तोंड उघडलं. "अगं, तू जरा..."

"तुम्ही थांबा," साहेब म्हणाले. "त्यांना बोलू द्या."

काचेखाली एकही बाई धाग्याकडे बघत नव्हती.

जागा तिला मिळाली. घरी जाताना वकील वाटभर फणफणत होता. "चुगली कोणी केली? त्या थोरलीने? खोलीत तर आम्ही दोघंच होतो! कोणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच," मुकी म्हणाली.

त्याला ते कळलं नाही, आणि तिने समजावलं नाही. तिच्या डोक्यात दुसरंच चालू होतं. या माणसाच्या तोंडून आजवर आपण काय काय ऐकलं, ते ती एकेक करून आठवत होती.

घरात शिरल्यावर चपलाही न काढता तिने फोन उचलला. वकील हात पुढे करून आला, "कोणाला? दे, मी बोलतो." तिने पाठ फिरवली. नंबर बोटांना अजून पाठ होता.

"मी आहे," ती म्हणाली. पलीकडून धाकटीचा आवाज आला.

"ताई? तूच ना निरोप पाठवला होतास, माझं तोंडसुद्धा बघायचं नाही म्हणून?"