चालू करून बघितलं का?

"चालू करून बघितलं का?"

भिजलेला लॅपटॉप घेऊन कोणीही दुकानात शिरलं की दादांचा पहिला प्रश्न हाच असायचा. 'या' नाही, 'बसा' नाही. चष्मा कपाळावर सरकवायचे, मशीन दोन्ही हातांनी उचलून नाकाशी न्यायचे आणि वास घेता घेता विचारायचे. समोरचा म्हणायचा, "नाही हो, हातसुद्धा लावला नाही." असं सगळेच म्हणायचे आणि सगळ्यांनीच बटण दाबलेलं असायचं. त्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर आपणही दाबलंच असतं. बंद पडलेली वस्तू चालू करून बघितल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही.

बदलापूरच्या बेलवलीत, माझ्या शाळेच्या वाटेवर त्यांचा लॅपटॉप दुरुस्तीचा गाळा होता. मी शाळेत मराठी शिकवते, म्हणून ते मला 'बाई' म्हणायचे आणि मी त्यांना 'दादा'. पन्नाशीचे, अंगाने काटकुळे, खिशाला कायम एक बारीक ब्रश लावलेला. बोटांची टोकं नेहमी सोललेली असायची. बोर्ड साफ करायच्या स्पिरिटने कातडी जायची आणि उरलेली झाकणं उकलायच्या पातीवर कापली जायची. त्या बोटांकडे मी इतक्या वर्षांत कधी नीट पाहिलं नाही. पाहायला हवं होतं.

वासावरून ते पाणी ओळखायचे. चहा, नारळपाणी, टाकीचं, नळाचं. एकदा एक गृहस्थ शपथेवर सांगत होते की साधं पाणी सांडलं. दादांनी हुंगलं आणि गंभीरपणे विचारलं, "हे पाणी कुठल्या दुकानातलं?" गृहस्थांनी लगेच बायकोकडे पाहिलं. दुसऱ्या एका मुलीने लॅपटॉप दोन दिवस तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला होता. दादांनी चिमट्याने चार्जिंगच्या भोकातून एक दाणा काढला, उजेडात धरला आणि म्हणाले, "वाडा कोलम. घरचं बरं चाललंय." मुलगीही हसली. मग त्यांनी झाकण उघडून तिला आतला बोर्ड दाखवला. तांब्याच्या बारीक रेषांवर हिरवं धरलं होतं.

"बघ, वरून सुकलंय. पाणी आत बसून काम करतंय. दोन दिवस तू जेवलीस, झोपलीस, ते नाही झोपलं."

मुलीचं हसू गेलं. माझंही गेलं होतं.

त्यांचा नियम दोन वाक्यांचा होता. चालू करून बघायचं नाही. आणि ठेवूनही द्यायचं नाही, लगेच आणायचं. "लोक एक लक्षात ठेवतात बाई, दुसरं विसरतात," असं ते म्हणायचे. मशीन घेतलं की त्यावर कागदी टेपचा तुकडा चिकटवून दोन शब्द लिहायचे, पाणी कुठलं आणि वार कोणता. 'चहा, सोमवार.' 'टाकी, बुधवार.' तारीख कधीच नाही. तारीख कशाला, मशीन आठवड्याच्या आत परत जायला पाहिजे, असा त्यांचा हिशेब.

तशाच नोंदी भिंतीवरही होत्या, पेन्सिलने. मी पहिल्यांदा त्या गाळ्यात गेले तेव्हा दोन पायऱ्या चढून गेले होते. मग रस्त्याचं काँक्रीट झालं, मग त्यावर पुन्हा झालं, आणि आता एक पायरी उतरून आत जावं लागायचं. उल्हास नदी तिथून फार लांब नाही. ज्या ज्या वर्षी पाणी आत आलं, त्या त्या वर्षी दादांनी भिंतीवर एक रेघ ओढून वार लिहिला होता. सगळ्यात खालची रेघ घोट्याला, मग गुडघ्याला, मग मांडीला. वरची कमरेला लागायची. नवं गिऱ्हाईक त्या रेघा बघून विचारायचं, मुलांची उंची मोजता का?

"नदीची," दादा म्हणायचे. "वाढत्या अंगाची आहे."

मी कितीदा म्हटलं असेल, वरच्या मजल्यावर गाळा बघा. चिखलोलीकडे नवीन इमारती होतायत, तिकडे बघा. ते मान हलवायचे आणि म्हणायचे, "बघू."

हा त्यांचा दुसरा लाडका शब्द. गिऱ्हाइकाला 'बघू नका' आणि स्वतःला 'बघू'. चष्म्याचा नंबर वाढला, बघू. दाढ दुखते, बघू. त्यांचं मूळ गाव बदलापूरच्या मागच्या डोंगरातलं, ते लहान असतानाच धरणात गेलेलं. "आमच्या बापानं पण हेच केलं," ते एकदा सहज म्हणाले होते. "पाणी अंगणात आलं तरी म्हणत होता, बघू." सांगून ते हसले आणि ब्रश घेऊन पुन्हा बोर्डावर वाकले.

आता माझी गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

माझी मावशी बदलापूर गावात राहते. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणारी धवलारीण ती. हळद कांडण्यापासून नवरी उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिला पाठ. कुठे लिहिलेलं नाही, सगळं तिच्या तोंडात. तिच्याबरोबर गाणाऱ्या दोघी गेल्या, तेव्हा मी दोन वर्षं दर सुट्टीत तिच्याकडे बसून चाळीस धवले लॅपटॉपवर रेकॉर्ड केले. त्यानंतर तिला अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. आता ते धवले फक्त माझ्या लॅपटॉपमध्ये होते. दुसरीकडेही उतरवून ठेवा, असं मी वर्गात मुलांना सांगते. मी स्वतः ठेवलं नव्हतं.

एका शनिवारी दुपारी मी तिला तिचाच आवाज ऐकवत होते. ऐकता ऐकता तिने डावा हात पडद्याकडे नेला आणि शेजारचा पाण्याचा पेला कलंडला. पडदा काळा झाला. मी काय केलं असेल? बटण दाबलं. मग पुन्हा दाबलं.

तासाभरात मी दादांच्या समोर होते.

"चालू करून बघितलं का?"

"नाही."

त्यांनी वास घेतला. "माठातलं पाणी आहे. थंड." मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बाई, किती वेळा?"

"दोनदा," मी म्हटलं, आणि तिथेच स्टुलावर बसून रडले. काय आहे त्यात, ते सांगितलं. त्यांनी मशीन उघडलं, बॅटरी काढली, ब्रशने सगळं साफ केलं. तासभर मान वर केली नाही. शेवटी म्हणाले, "तुमचे धवले असतील आत. पण एक पार्ट गेलाय, तो उल्हासनगरहून आणावा लागेल. तोपर्यंत हात लावायचा नाही." आणि टेप चिकटवली. 'माठ, शनिवार.'

रविवारपासून पाऊस थांबला नाही. मंगळवारी सकाळी नदी रस्त्यावर आली. शाळा बंद होती. आमच्याकडे नदी चढली की लोक पुलावर पाणी बघायला जातात, तसे तेव्हाही गेले होते आणि फोनवर एकमेकांना व्हिडिओ पाठवत होते. त्यातल्या एकात मला दादांच्या गाळ्याचा रस्ता दिसला. मी त्यांना फोन केला.

"सगळी मशिनं काल पोटमाळ्यावर टाकली," ते म्हणाले. "पण तुमचं टेबलावर उघडं राहिलं, बाई. पार्टसाठी काढलेलं."

मी लगेच म्हटलं, जाऊ नका. हे मी खरंच म्हटलं. पण फोन ठेवला नाही. आणि मग म्हटलं, "पाणी फार नसेल तर नुसतं बघून येता का?"

"बघतो," ते म्हणाले.

ते मांडीभर पाण्यातून गेले. पाणी टेबलाला टेकायला चार बोटं उरली असताना त्यांनी माझा लॅपटॉप डोक्यावर धरून पोटमाळ्यावर ठेवला. दोन दिवसांनी मी गेले तेव्हा ते उघड्या हातांनी चिखल उपसत होते. भिंतीवर नवी रेघ होती, छातीला. वास असा होता की मी पदर नाकाला लावला.

"हे कुठलं पाणी, दादा?"

त्यांनी बोटं हुंगली. "सगळ्यांचं," म्हणाले. "नदीचं, गटाराचं, गोठ्याचं. असलं पाणी सगळ्यात वाईट. सुकलं तरी जात नाही."

नगरपालिकेची एक नर्स गाळ्यागाळ्यांतून गोळ्या वाटत होती. पुराच्या पाण्याचा ताप येऊ नये म्हणून. हातापायाला जखमा असतील त्यांनी नक्की घ्या, असं ती सांगत होती. दादांनी गोळ्या शर्टाच्या खिशात ब्रशशेजारी ठेवल्या.

"घ्या ना आत्ताच," मी म्हटलं.

"बघू. आधी हात तर धुऊ द्या."

पुढच्या मंगळवारी त्यांना ताप आला. गुरुवारी मी फोन केला तेव्हा आवाज खोल गेलेला होता. घरीच पडून आहे, दुकान बंद आहे, पोटऱ्या फार दुखतात, म्हणाले. मी रक्त तपासायला सांगितलं. मी जवळजवळ ओरडलेच, "दादा, नियम तुमचाच आहे. ठेवून द्यायचं नाही, लगेच आणायचं."

ते हसले. "ते मशीनचं, बाई. माणूस आपोआप सुकतो."

फोन ठेवता ठेवता मी आणखी एक वाक्य बोलले. ते मला परत घेता आलं असतं तर फार बरं झालं असतं. मी म्हटलं, "आणि दादा, मावशी खुणा करून धवले मागतेय."

"होईल," ते म्हणाले.

रविवारी सकाळी वहिनींचा फोन आला. "बाई, यांचे डोळे पिवळे झालेत. हळदीसारखे. आणि लघवीला होत नाहीये." हॉस्पिटलात पोचले तेव्हा मूत्रपिंडं बंद पडत आली होती. डॉक्टर तरुण होते, शांतपणे बोलत होते. दोन दिवस आधी आणलं असतं तर, असं त्यांनी म्हटलं आणि वाक्य अर्धं सोडलं. हे वाक्य मी त्या गाळ्यात किती वेळा ऐकलं होतं! दादा तेच म्हणायचे, तशाच आवाजात, अर्धंच. बुधवारी ते गेले. शर्टाच्या खिशात गोळ्या तशाच होत्या.

वहिनींनी एकेकाची मशिनं परत केली. माझा लॅपटॉप पांढऱ्या पिशवीत गाठ मारून ठेवलेला होता, वर तीच टेप, 'माठ, शनिवार'. मी तो कपाटात ठेवला. चार महिने. मावशी मला बघितलं की डावा हात कानाशी न्यायची आणि मी स्वयंपाकघरात निघून जायचे. मला वाटायचं, अर्धवट राहिलेलं काम आहे, उघडलं तर आत हिरवं दिसेल. त्यांच्या नियमातलं दुसरं वाक्य मीही विसरत होते, हे कळत होतं. तरी चार महिने गेले.

शेवटी उल्हासनगरला गेले. दादा ज्यांच्याकडून पार्ट आणायचे, त्या सिंधी दुकानदाराचा पत्ता वहिनींनी दिला. त्याने पिशवी सोडली, मागचं झाकण उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"दीदी, ये तो बना हुआ है. पार्ट मेरे यहां का है."

मला काही कळेना.

"वो खुद आए थे ना. बारिश वाले हफ्ते के बाद. कांप रहे थे. मैं बोला, साईं, बैठो, चाय पियो, डॉक्टर के पास जाओ. बोले, पहले ये दे दो, मौसी का गाना है."

बोर्ड स्वच्छ होता. कुठे हिरवा ठिपका नव्हता. झाकणाच्या आतल्या बाजूला टेपचा आणखी एक तुकडा होता. अक्षर थरथरलेलं, ओळ खाली घसरलेली, पण त्यांचंच.

'झालं. गुरुवार. आता बघा.'

गुरुवार. त्या दिवशी ते मला फोनवर म्हणाले होते, घरीच पडून आहे. त्या दिवशी मी त्यांना सांगितलं होतं की मावशी धवले मागतेय.

दुकानदाराने झाकण लावलं. "चालू करके देखूं?" त्याने विचारलं आणि इतक्या वर्षांच्या सवयीने माझा हात त्याचा हात धरायला पुढे गेला. मग मी तो मागे घेतला. त्याने बटण दाबलं. पडदा उजळला. मी चाळीसातली पहिली फाईल लावली. आधी भांड्याचा आवाज आला, मग कोंबडा, मग मावशी खाकरली. गाणं सुरू करण्याआधी तिने मला विचारलं होतं, ते मी पार विसरले होते.

"चालू झालं का गो?"

आणि त्यावर माझाच आवाज, किती निर्धास्त, "झालं, मावशी."